आठ काचांची वानगी

अण्णा जेवताना डोळे मिटून घेत. घास तोंडात गेला की पापण्या खाली येत आणि घास गिळेपर्यंत तशाच राहत. लहानपणी मला वाटे, ते मनातल्या मनात देवाचं नाव घेत असावेत. पुढे कळलं की ते नुसते थकलेले असत. परळला ज्या गिरणीत ते टाइमकीपर होते तिचा पहिला भोंगा उजाडण्याआधी होई, आणि त्याच्याही आधी त्यांना फाटकावर उभं राहावं लागे. मोठ्या लोखंडी फाटकात एक छोटं दार होतं. दुसरा भोंगा थांबला की अण्णा ते दार लावून घेत. आत गेला तो हजर, बाहेर राहिला त्याचा खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. वर्षानुवर्षं ते हेच करत आले होते. घरी आल्यावर त्यांना बोलायचा कंटाळा येई. आई ताटात कुळथाचं पिठलं वाढी, भाताचा डोंगर करी, वर सुकटीची चिमूट ठेवी, आणि त्यांच्याकडे न पाहता विचारी, "आज किती?" म्हणजे आज किती जण बाहेर राहिले. अण्णा बोटं दाखवत. कधी चार, कधी सात. हात पुरले नाहीत की ते नुसतीच मान हलवत आणि त्या दिवशी भात कमी जाई.

गिरणीच्या मागच्या अंगाला एका माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. खिडकीतून कापसाचे तंतू येत आणि लोणच्याच्या बरणीवर, देवांवर, माझ्या पुस्तकांवर बसत. आई दिवसातून तीनदा फडकं मारी. खालून जाणाऱ्या बायका अण्णा दिसले की पदर डोक्यावर ओढून भिंतीकडे सरत. पुरुष हातातली विडी लपवत. कुणी गावाहून आला की शेंगा, वालपापडी, एखादं कोहळं जिन्यावर ठेवून जाई, आणि अण्णा ते परत पाठवत. "त्याला सांग, टाइमकीपरला कोहळं लागत नाही," एवढंच म्हणत. मला त्या वयात वाटे की माझ्या वडिलांना लोक फार मानतात. मान आणि भीती बाहेरून किती सारखी दिसतात हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं, आणि तेही कॉलेजात शिकवलं म्हणून कळलं नाही.

कॉलेज चौपाटीच्या बाजूला होतं. अर्धी वाट पायी, अर्धी घोड्यांच्या ट्रामनं. पहिल्याच वर्षी मला दोन मित्र मिळाले. गजानन हा गिरगावातल्या एका वकिलाचा मुलगा. बोलायला लागला की समोरच्याला पटलंय की नाही हे पाहायला तो थांबत नसे. जोसेफ खोताच्या वाडीतला. चित्रं काढायचा आणि फार कमी बोलायचा. त्याच्या मामाकडे जादूचा कंदील होता. एका जहाजावरच्या गोऱ्यानं विलायतेला परत जाताना तो विकला होता. पितळी नळी, आत घासलेटचा दिवा, आणि नळीमागे रंगवलेली काच सरकवली की भिंतीवर ते चित्र हत्तीएवढं उभं राहायचं. जोसेफच्या घराच्या लाकडी ओट्यावर बसून आम्ही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या मावशीनं आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे पुढे ठेवले होते. मी चार खाल्ले. घरी गेल्यावर आईनं माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मला परत आंघोळ करायला लावली.

कंदिलाबरोबर आलेल्या काचांवर विलायती किल्ले आणि बर्फ होतं. गजानन म्हणाला, आपण आपली गोष्ट करू. गोष्ट मी लिहिली. कोकणातली एक बाई, तिचा नवरा मुंबईला गिरणीत लागलेला, त्याची पत्रं थांबतात, आणि ती गलबतात बसून त्याला शोधायला निघते. जोसेफनं चाळीस काचा रंगवायला घेतल्या. गलबत, धक्का, बाजार, चाळी, गिरणीचं धुराडं. काच चालू असताना मी शेजारी उभं राहून गोष्ट सांगायची असं ठरलं. पण आधी लोकांना थोडंसं फुकट दाखवायचं, अशी गजाननची कल्पना. "दुकानदार मूठभर तांदूळ हातावर देतो ना, तशी वानगी द्यायची. आठच काचा. बाई गिरणीच्या फाटकापर्यंत पोचते, भोंगा होतो, माणसं बाहेर पडायला लागतात, आणि तिथं कंदील बंद. नवरा सापडला की नाही हे कळायला पुढच्या आठवड्यात यायचं."

हल्ली सिनेमाला गेलं की खेळाआधी पुढच्या सिनेमाचे तुकडे दाखवतात. माझा नातू त्याला ट्रेलर म्हणतो आणि मला समजावून सांगतो की आजोबा, हे सगळं दाखवत नाहीत, फक्त ओढ लावतात. मी मान डोलावतो. त्याला सांगायला गेलो तर संध्याकाळ जाईल, आणि अलीकडे मी लवकर दमतो. म्हणून लिहून ठेवतो आहे.

गजाननचं दुसरं म्हणणं असं की ही वानगी कुठं आणि कुणाला दाखवायची हे आपल्या आवडीवर ठरवायचं नाही. बघणारे कोण, त्यांना काय पाहिजे, ते कधी मोकळे असतात, हे आधी विचारून घ्यायचं. त्यानं प्रश्न काढले आणि एक वही केली. गिरगावात तो स्वतः फिरला. तिथं प्रत्येकानं त्याच्याशी वाद घातला. एका कारकुनाला पौराणिक पाहिजे होतं. एका म्हाताऱ्यानं, बाई एकटी गलबतात बसते म्हणजे काय, म्हणून त्याला अर्धा तास झापलं. एक जण म्हणाला, मला वेळ नाही, आणि असता तरी मी आलो नसतो. जोसेफ दादरच्या बाजूला भाजीच्या मळ्यांतून गेला. तिथं लोकांनी त्याला पाणी दिलं आणि कुत्रं सोडलं. परळ आणि लालबाग माझ्याकडे आलं, कारण मी तिथलाच.

मी दोन आठवडे गिरणी सुटायच्या वेळेला चाळींतून फिरलो. दिवस उन्हाळ्याचे होते. जिने अंधारे, खोल्यांतून चुलीचा धूर, नळावर हंड्यांची रांग. कुणी दाराशी पाय पसरून बसलेलं असे, ते मला पाहून उठून उभं राही. मी म्हणे, बसा बसा. ते बसत नसत. मी विचारी, कंदिलाचा खेळ बघायला याल का? "येऊ की." देवाचा आवडेल की माणसांचा? "तुम्ही म्हणाल तो." शनिवारी संध्याकाळी चालेल की रविवारी? "कवाबी चालंल." मी सगळं लिहून घेई. नाव विचारलं की मात्र ते एकमेकांकडे बघत, आणि मग सांगत. एका खोलीत गोदाबाई नावाची बाई होती, साताऱ्याकडची, रिळं भरायच्या खात्यात कामाला. वय तिशीचं असेल, पण खांदे म्हातारीसारखे पुढे आलेले. ती भाकरी थापत होती आणि माझ्याशी बोलायचं म्हणून तिनं पिठाचे हात तसेच वर धरून ठेवले होते. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मला वास येत होता. मी प्रश्न संपवूनच निघालो.

गजाननला वही पाहून आनंद झाला. गिरगावात पानं खोडाखोडीनं भरली होती आणि माझ्या पानांवर सगळीकडे होकार. "हे आपले बघणारे," तो म्हणाला. "गिरणीवाल्यांची गोष्ट, गिरणीवालेच बघणार. वानगी परळलाच करायची." जोसेफ काचेवर गलबताचं शीड रंगवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "एवढ्यांत एकानंही नाही म्हटलं नाही रे?" मी म्हणालो, आमच्याकडची माणसं साधी असतात.

पडदा आईनं शिवला, अण्णांची दोन जुनी धोतरं जोडून. ती शिवत असताना अण्णांनी जेवता जेवता मला विचारलं, "किती माणसं येतील?" त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीत विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा. मी म्हणालो, सगळी हो म्हणाली आहेत, पण गिरगावातल्या मुलांसमोर मैदान रिकामं राहिलं तर मला कॉलेजात तोंड दाखवायला जागा नाही. अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. "बरं," म्हणाले.

शनिवारी गिरणी सुटली तेव्हा आम्ही चाळीमागच्या मैदानात दोन बांबूंवर पडदा बांधून तयार होतो. दिवेलागण झाली, उजेड गेला, आणि माणसं यायला लागली. घोळक्यानं आली. थेट गिरणीतून आलेली. केसांत कापूस, हातात रिकामे डबे. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, ओळीनं बसत गेली. कुणी दंगा केला नाही, कुणी हसलं नाही. मैदान भरलं आणि मागे भिंतीपर्यंत माणसं उभी राहिली. गजाननचा हात माझ्या खांद्यावर होता. "बाबू," तो म्हणाला, "अरे गिरगावात नाटकाला एवढी येत नाहीत."

जोसेफनं दिवा सरकवला. पहिली काच लागली: समुद्र, डोंगर, खाली किनाऱ्यावर उभी बाई. मी गोष्ट सुरू केली. मी पुष्कळ तयारी केली होती, आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचा. दुसरी काच, गलबत. मी पाहिलं तर पुढच्या ओळीतला एक माणूस बसल्या जागी पुढे वाकला होता. मला वाटलं, नीट बघायला वाकला. तिसऱ्या काचेला त्याचं कपाळ गुडघ्याला लागलं. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तो दचकून सरळ झाला, पडद्याकडे बघू लागला, आणि पुन्हा कलला. मग ढोसणाराच कलला. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडत होता, आणि त्या उजेडात मला दिसलं की ओळीमागून ओळ झोपत चालली आहे. समुद्राकडून थोडा वारा सुटला होता. सकाळपासून पायांवर उभी असलेली माणसं पहिल्यांदाच बसली होती. काही बायका एकमेकींना टेकून झोपल्या होत्या, तोंडं उघडी. जी जागी होती ती जागं राहण्यासाठी झगडत होती. एक जण आपल्या मांडीला चिमटे घेत होता. मला ते पाहवेना, पण मी बोलत राहिलो, कारण थांबलो तर काय करायचं हे मला सुचत नव्हतं. आठवी काच लागली. गिरणीचं फाटक, धुराडं, भोंगा. मी ठरल्याप्रमाणे भोंग्याचा आवाज काढला.

अख्खं मैदान उठून उभं राहिलं. झोपेतच उठलं. कुणी डबा शोधू लागलं, कुणी पदर खोचला, एक म्हातारा चार पावलं चालूनसुद्धा गेला. मग आपण कुठं आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ती तशीच उभी राहिली. जोसेफनं कंदील मालवला नाही. त्यानं नुसता हात खाली सोडला.

गजानन पुढे होऊन पुढच्या आठवड्याचं निमंत्रण देऊ लागला, पण लोक त्याच्याकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे येत होते. माझ्यासमोर रांग लागली. सगळ्यांत पुढे गोदाबाई होती.

"सायेब, आमची हजेरी घ्या," ती म्हणाली.

"कसली हजेरी?"

"खेळाची. मुकादम बोलला, टाइमकीपर सायबांच्या लेकाचा खेळ हाय, जो येनार न्हाई त्येचा सोमवारी खाडा. तुमी नावं लिवून न्हेलीत न्हवं परवा? त्यात खूण करा, म्हंजे आमी घरला जातो. पोरं उपाशी हायती."

मी म्हणालो, "अहो, हजेरी-बिजेरी काही नाही. ते मुकादमानं काहीतरीच सांगितलं. कुणाचाही खाडा नाही. जा तुम्ही."

ती हलली नाही. माझ्याकडे बघून अंदाज घेत राहिली, मी खरं बोलतो आहे की हा आणखी एखादा फास आहे. मग तिनं विचारलं, "खाडा न्हाई, तर मग इचारलंत कशाला? नाव, गाव, कवा मोकळी असतीस, काय आवडतं?"

"तुम्हाला काय बघायला आवडेल ते कळावं म्हणून," मी म्हणालो.

तिच्या मागच्या बायकांपैकी कुणीतरी हसलं. गोदाबाई हसली नाही. तिनं ते ऐकून घेतलं, न कळणारी गोष्ट ऐकून घेतात तसं, आणि म्हणाली, "तुमी आपली खूण करा, सायेब."

मी वही काढली आणि खुणा केल्या. दुसरा मार्ग नव्हता. खूण पाहिल्याशिवाय कुणी जाईना. गजाननही मग निमंत्रण सोडून माझ्याजवळ आला. त्यानं शेजारी उभं राहून दिवा धरला. शेवटचा माणूस गेल्यावर जोसेफनं काचा फडक्यात गुंडाळल्या आणि मला म्हणाला, "तू घरी जा."

त्या रात्री अण्णा झोपले होते. मी रविवारी सकाळी त्यांच्यासमोर उभा राहिलो. आई भाजी चिरत होती. मी विचारलं, तुम्ही मुकादमाला काय सांगितलंत? माझा आवाज चढला होता. त्या घरात अण्णांसमोर आवाज चढवलेला मी पहिलाच.

"एवढंच म्हटलं की मुलाचा खेळ आहे, माणसांना सांग," अण्णा म्हणाले.

"खाडा लावीन असं म्हणालात?"

"नाही."

"पण तुमचा शब्द मुकादमाच्या तोंडून खाली जाताना त्याचं काय होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

आईची विळी थांबली. अण्णा आपल्या हातांकडे पाहत होते. ते नाही म्हणू शकले असते. मी विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुझं मैदान रिकामं राहिलं असतं तर मला बघवलं नसतं रे, बाबू."

इतक्या वर्षांनी, स्वतःची मुलं वाढवून झाल्यावर, मला त्या वाक्याचा राग येत नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिणार नाही. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "उद्या फाटकावर सांगतो सगळ्यांना." आई घाबरून म्हणाली, "अहो, साहेबाच्या कानावर गेलं तर? फाटकावर असलं बोलतात का?" अण्णा म्हणाले, "सांगतो," आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

गोष्टीचा पूर्ण खेळ पुढे गिरगावात झाला, खोताच्या वाडीजवळच्या एका दिवाणखान्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पौराणिकवाला कारकूनसुद्धा आला होता. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला आठवते ती सोमवारची पहाट.

मी अण्णांच्या मागोमाग गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही. धुक्यासारखा चुलींचा धूर रस्त्यावर पसरला होता आणि त्यातून माणसं येत होती. अण्णा छोट्या दारापाशी उभे राहिले. मी रस्त्याच्या बाजूला, भिंतीशी. पहिला भोंगा झाला आणि अण्णा बोलायला लागले. "शनिवारच्या खेळाचा खाडा नाही. कुणाचाही नाही. तो खेळ माझ्या मुलाचा होता, गिरणीचा नव्हता. माझी चूक झाली." त्यांचा आवाज मोठा नव्हताच कधी. माणसं त्यांच्यासमोरून वाकून आत जात होती. अण्णा पुन्हा पहिल्यापासून सांगत. पुन्हा दहा-पंधरा जण आत जात. मुकादम आतल्या बाजूला खांबाला टेकून उभा होता आणि हसत होता. गर्दी वाढली, पावलं वाढली, दुसरा भोंगा सुरू झाला तसे लोक पळू लागले. अण्णांचं वाक्य तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडू लागलं. "शनिवारचा खाडा नाही... माझ्या मुलाचा..." कोण ऐकणार? ऐकायला थांबलं असतं तर सोमवारचा खाडा लागला असता.

गोदाबाई एकटी थांबली. साहेब बोलताहेत म्हणून थांबली. धावत आली होती, तिला धाप लागली होती. पदर पुढे ओढून, मान खाली घालून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि अण्णांचं बोलणं पुरं होण्याची वाट पाहू लागली. अण्णांनी ते पुरं केलं, शेवटच्या शब्दापर्यंत. तोवर भोंगा थांबला होता. त्यांचा हात दारावर होता. ते तिच्याकडे बघत राहिले, ती जमिनीकडे. मुकादमाचं हसू थांबलं.

"जा बाई, आत," अण्णा म्हणाले.

ती गेली. अण्णांनी दार लावलं आणि आतून अडसर पडल्याचा आवाज आला.

तिच्यामागून तिघं धावत येत होते, वीसेक पावलांवर. दार लागलेलं पाहून त्यांनी धावणं सोडलं आणि ते चालत फाटकापर्यंत आले. त्यांनी दार वाजवलं नाही. थोडा वेळ ते तिथंच कडेला बसले, श्वास जागेवर यायला. त्यातल्या एकानं मला ओळखलं.

"सायेब काय सांगत व्हते?" त्यानं विचारलं. "लांबून बोलताना दिसले."

"शनिवारच्या खेळाचा खाडा लागणार नाही म्हणून," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. मग तिघं उठले आणि डबे उचलून चाळीच्या दिशेनं चालू लागले. मीही त्यांच्या मागून निघालो, कारण आमची वाट तीच होती.